स्क्रूवरचा लाल ठिपका

११ जानेवारी
क्वार्टझाइट, ॲरिझोना

प्रिय एल्डन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. हो, मीच, लिओटा, तुझी सख्खी बहीण. सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय ती आभार मानायला, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं असंच तू म्हणशील. म्हण. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन मार्लिस उचलते आणि तू मागून खुणा करणार, सांग तिला मी दाढी करतोय म्हणून. तुझी बायको बिचारी खोटं बोलायला लागली की अडखळते. तिला कशाला त्यात घालायची.

तर आभार. सहा वर्षांपूर्वी मी आणि मर्विन घर विकून ह्या घरासारख्या गाडीत कायमचे राहायला निघालो, त्या सकाळी तू एक बुटांची पेटी आमच्या पायरीवर ठेवून गेलास. "पाणी जोडायच्या आधी उघड," एवढंच म्हणालास. ती पेटी मी गेल्या मंगळवारी उघडली. हस आता. तेव्हा रागाच्या भरात मी ती गाडीच्या पोटातल्या कप्प्यात पार मागे ढकलली आणि मर्विनला म्हटलं, त्याचं काही नको मला. मर्विन काही बोलला नाही. तुम्ही दोघं त्या बाबतीत सारखेच.

मंगळवारी झालं असं. आम्हा गाडीत राहणाऱ्यांचा एक ठरलेला गाढवपणा आहे. सकाळी मुक्काम हलवायची घाई असते. पाण्याचा पाइप गुंडाळतो, विजेची वायर गुंडाळतो, आणि पाण्याचं प्रेशर कमी करणारा तो रेग्युलेटर नळाच्या तोंडालाच राहून जातो. पितळेचा, नळाच्याच रंगाचा, डोळ्यांना दिसतच नाही. पुढच्या मुक्कामी पोचलं की कपाळावर हात मारायचा. सहा वर्षांत माझे तीन गेले. हा चौथा.

इथे पोचले दुपारी. पाण्याची टाकी वर टेकाडावर आणि माझी जागा खाली, अगदी शेवटची. तू प्लंबर, तुला पुढचं सांगायला नको. पण मला कॉफी हवी होती. म्हटलं, तासाभरात दुकानातून नवीन आणू, तोवर सरळ नळाला जोडू, काय होतंय? काय व्हायचं ते झालं. सिंकखालचा एल्बो, पाइपचा वाकडा सांधा, फटकन सुटला आणि कपाटाची दारं उघडून पाणी माझ्या अंगावर आलं. मी दोन्ही हातांनी ते भोक दाबून बसले. दाबून पाणी थांबतं का? पण हात काढवेना.

तेवढ्यात बाहेरून आवाज, "अगं ए बाई! आत मासे पाळलेस की काय? पायरीवरून धबधबा चाललाय!" ही रोझेला. गाड्या लावायची ही जागा सांभाळते. ओक्लाहोमात तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिनं नळ बंद केला आणि दारात उभी राहिली.

"रेग्युलेटर कुठाय तुझा?"

"मागच्या मुक्कामी राहिला."

"आणि अक्कल? ती पण तिथंच का? एकशे अठरा पौंडाचं प्रेशर आहे ह्या नळाला! घोडा धुवायचा नळ आहे हा, बाई, घोडासुद्धा पळून जाईल!"

फरशी पुसायला जुन्या चिंध्या हव्या होत्या, त्या शोधायला कप्प्यात शिरले आणि हाताला तुझी पेटी लागली. आत प्रेशर दाखवणाऱ्या काट्याचा रेग्युलेटर, दोन फिल्टर, आणि तंबाखूच्या जुन्या डबीत वायसर. डझनभर तरी असतील, सगळे मापाप्रमाणे दोऱ्यात ओवलेले. आणि चिठ्ठी: "नळाला आधी हे. मग पाइप. मग गाळाचा फिल्टर, मग कोळशाचा. ४५ वर बसवलंय." खाली तुझा 'ए'.

एल्बो रोझेलानं बसवून दिला. मग तुझ्या चिठ्ठीबरहुकूम सगळं जोडलं. नळ उघडला. काटा चढला, पंचेचाळीसवर गेला आणि उभा राहिला. सहा वर्षं पेटीत पडून होता आणि एक पौंड इकडचा तिकडे नाही. मी ओल्या कपड्यांत त्या काट्याकडे बघत उभी होते. रोझेला म्हणाली, "कुणी बसवलाय हा? माणूस कामाचा दिसतोय." मी म्हटलं, माझा भाऊ.

आता मागणं. मे महिन्यात इथे राहवत नाही, सगळे उत्तरेला निघतात. मला आपल्या गावी, बेल प्रेरीला यायचंय. तुझ्या अंगणात आठवडाभर गाडी लावू देशील का? तुझ्या नळाला पाइप जोडू देशील का? मी सत्तरची झाले, तू त्र्याहत्तरचा. मार्लिसच्या नाताळच्या कार्डात तुझे गुडघे गेल्याचं वाचलं. हो की नाही, एका शब्दात कळव. 'नाही' आलं तरी समजेन.

तुझी बहीण,
लिओटा

३० जानेवारी

एल्डन,

उत्तर नाही. ठीक आहे. तू बारा वर्षांचा असताना मी तुझी सायकल तळ्यात घातली, तेव्हाही तू तीन आठवडे बोलला नव्हतास.

तोवर तुझ्या पाण्याची हकिकत ऐक. इथलं पाणी जड. किटलीत आठवड्यात पांढरा थर धरतो, तो काही तुझ्या फिल्टरनं जात नाही. पण तो वास गेला! पोहण्याच्या तलावाचा वास यायचा, कॉफीला, सूपला, माझ्या केसांनासुद्धा. आता कॉफी कॉफीसारखी लागते. पहिला कप घेऊन मी बाहेर खुर्चीत बसले आणि एकटीच मोठ्यानं "वा!" म्हणाले. शेजारचा कुत्रा दचकला. गाळाचा फिल्टर परवा उघडून बघितला तर पार तांबडा झालेला. सहा वर्षं हे सगळं माझ्या पोटात जात होतं.

मर्विनच्याही पोटात. तो गेला त्या शेवटच्या वर्षी त्याच्या तोंडाची चवच गेली होती. म्हणायचा, ली, पाण्याला पत्र्याचा वास येतो गं. मी लिंबू पिळून द्यायचे. तुझी पेटी त्याच्या पलंगाच्या बरोबर खाली होती रे. मध्ये फक्त एक फळी. हे मला फार लागतंय, पण तुला लिहिल्यावर थोडं कमी लागेल म्हणून लिहिलं.

इथे धुण्याच्या खोलीत एक फळी आहे, तिला खिळे ठोकलेत आणि खिळ्यांना लोकांनी मागे विसरलेले रेग्युलेटर टांगलेत. प्रत्येकाला चिठ्ठी, कुठल्या जागेवर सापडला आणि कधी. ज्याचा गेला असेल त्यानं एक घ्यायचा, ज्याला सापडेल त्यानं आणून टांगायचा. रोझेला तिला "अकलेची भिंत" म्हणते. मीही माझा एक टांगणार होते, पण माझ्याकडे आता तुझा एकच आहे आणि तो देणार नाही. सकाळी निघताना विसरू नये म्हणून गाडीची किल्ली मी नळावरच टांगून ठेवते. किल्ली घ्यायला नळापाशी जावंच लागतं. कशी आहे युक्ती?

एक मात्र आहे. शॉवर फार बारीक येतो. गाडीचा शॉवर मुळात चिमटीएवढा, त्यात पंचेचाळीस पौंड, आणि फिल्टर दोन. मांजर मुतल्यासारखी धार. केस धुवायला अर्धा तास. काल वैतागून स्क्रूड्रायव्हर घेऊन नळापाशी गेले होते. थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

लिओटा

१६ फेब्रुवारी

प्रिय एल्डन,

पार्सल पोचलं! दोन गाळाचे फिल्टर, दोन कोळशाचे. पत्ता तुझ्या हातचा. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोका फाडून बघितला, कागद झटकले, फिल्टरच्या आतसुद्धा डोळा लावला. काही नाही.

"आता हे हो की नाही?" मी रोझेलाला विचारलं.

"नाही म्हणणारा माणूस टपालाची तिकिटं लावतो का?"

"तो लावतो. त्याला राग असला तरी पाण्याची काळजी असते."

"मग राग कशाचा आहे ते सांग ना एकदा! महिनाभर बघतेय, पत्र लिहितेस, अर्धं खोडतेस, आणि जेवायला येतेस ते तोंड पाडून."

मी म्हटलं, जुनं आहे. ती म्हणाली, "जुनं असेल तर कुजत असेल." आणि चिलीच्या रश्श्याचं भांडं पुढे सरकवून निघून गेली. जीभ फार लांब आहे तिची.

फिल्टर तू आपल्या गावच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेस. मी ते सगळे कागद इस्त्री केल्यासारखे सरळ करून वाचले. बर्फ, बास्केटबॉल, चर्चमधलं लेफ्सेचं, बटाट्याच्या पोळ्यांचं जेवण. आणि शेवटच्या पानावर प्लंबरची जाहिरात. कुणी नवीनच माणूस. चाळीस वर्षं त्या चौकोनात तुझं नाव असायचं. "एल्डन ब्रेक्के, नळ आणि पाइप." आई दर आठवड्याला तो चौकोन कापून ठेवायची, जणू त्यात काही बदललं असेल.

मला तुला आईच्या तळघराबद्दल लिहायचंय. आज होत नाही. उद्या.

ली

१७ फेब्रुवारी

एल्डन,

सकाळी उठून आधी हेच. कॉफीही केलेली नाही.

पहिल्या पत्रात मी तुझी चिठ्ठी उतरवली, ती पुरी उतरवली नाही. शेवटची ओळ सोडली. ती अशी होती: "लाल ठिपक्याला हात लावू नकोस, ली."

आता मी सगळं सांगते. तुला सगळं माहीत आहे हे मला माहीत आहे, तरी सांगते, कारण मी ते एकदाही तोंडातून काढलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात आई वृद्धाश्रमात गेली आणि घर विकायचं म्हणून मी आवरायला येऊन राहिले. तू त्याच वसंतात घराचे सगळे पाइप बदलले होतेस. गावातल्या टाकीच्या पायथ्याशीच आपलं घर, प्रेशर भयंकर, म्हणून तू तळघरात रेग्युलेटर बसवलास आणि नेहमीप्रमाणे त्याच्या स्क्रूवर मार्लिसच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलास. कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तडकतो. अख्ख्या बेल प्रेरीत तुझे ते ठिपके. पण मी गावात राहिले नव्हते, मला काय ठाऊक? मला एवढंच दिसलं की शॉवर बारीक येतो. दिवसभर माळ्यावर धूळ खायची आणि आंघोळीला ही धार! मी बाबांचा पाना घेतला, तळघरात गेले आणि तो स्क्रू अडीच फेरे आवळला. ठिपका तडकला तो माझ्या नखावर उडाला. शॉवर झकास झाला. मी गाणं म्हणत आंघोळ केली.

शुक्रवारी मी मर्विनकडे घरी गेले. वॉशिंग मशीनच्या मागची रबरी नळी त्या प्रेशरनं फुटली ती कधी फुटली देव जाणे. सोमवारी तू दार उघडलंस तर तळघरात कमरेएवढं पाणी. बाबांचं सुतारकामाचं टेबल, फोटोंचे खोके, आईच्या गोधड्या. त्या गोधड्या तर तिनं आपल्या दोघांच्या मुलांसाठी नावं घालून ठेवल्या होत्या. घर घेणारे लोक पळून गेले.

आणि मंगळवारी हॅगनच्या हार्डवेअरच्या दुकानात, त्या कॉफीच्या टेबलाशी, सगळे म्हातारे बसलेले असताना कुणीतरी मला विचारलं, झालं काय? तू माझ्या बाजूला उभा होतास. मी म्हटलं, "ह्यालाच विचारा. पाइप ह्यानंच घातलेत."

चोराच्या उलट्या बोंबा! मला अजून माझा तो आवाज ऐकू येतो. मी वाट बघत होते, तू ओरडशील, म्हणशील की स्क्रूला कुणी हात लावला. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. त्यानंतर एकेक करून लोकांनी तुला बोलवायचं सोडलं. आणि मी तुझ्यावर रागावले! तू गप्प बसलास म्हणून रागावले. आपण ज्याचं वाईट केलं त्याचं तोंड बघवत नाही, एवढाच तो राग होता. सात वर्षं मी त्याला दुसरीच नावं देत राहिले.

आठवडाभरानं मी एकटी तळघरात गेले होते. टॉर्च मारून स्क्रू बघितला. ठिपका नव्हताच. तडकलेलाही नाही, त्याचा कणसुद्धा नाही. पितळ लख्ख. मी स्वतःला सांगितलं, पाण्यानं गेला असेल. एल्डन, मी बाईमाणूस. नेलपॉलिश पाण्यानं जात नाही हे मला कळत नव्हतं? तू पुसलास तो. तू पहिल्या मिनिटाला बघितलंस, स्क्रू मागे फिरवलास, आणि मार्लिसच्या बाटलीतलं औषध लावून माझी खूण पुसून टाकलीस.

का, तेही मला आता कळलंय. त्याच आठवड्यात मर्विनच्या छातीचा वाईट रिपोर्ट आला होता. तुला वाटलं असेल, हिला आता एवढंच पुरे.

एक राहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई गेली त्याच्या चार दिवस आधी. तू तिच्या पलंगापाशी बसला होतास. ती म्हणाली, "एल्डन, तू पाइप नीट लावला असतास तर माझ्या गोधड्या वाचल्या असत्या." तू तिचा हात धरलास आणि म्हणालास, "हो आई. माझंच चुकलं." मी दाराशी होते, हातात तिच्यासाठी आणलेला केक. मी आत आले नाही. केक तसाच गाडीत नेला आणि रस्त्यात एका कचऱ्याच्या डब्यात टाकला.

तिला खरं सांगायला आता कुणी नाही. ते ओझं माझं, ते मी तुझ्यावर टाकत नाही.

जानेवारीत त्या मंगळवारी पेटी उघडली आणि पितळेवर तो ठिपका दिसला, छोटासा, मसुराच्या डाळीएवढा. चिठ्ठी वाचायच्या आधीच मला कळलं. मला वाटायचं, माझं गुपित मी सांभाळलंय. ते तूच सांभाळत होतास. एवढं करून वर माझ्या पाण्याची काळजी, वायसर मापाप्रमाणे ओवून! मी फरशीवर त्या पाण्यातच बसून रडले. रोझेलाला वाटलं, एल्बोसाठी रडतेय.

क्षमा कर असं लिहिणार होते. पण मला आधी आभारच मानायचेत. मर्विनची शेवटची तीन वर्षं मी सुखानं काढली ती तुझ्या गप्प बसण्यावर. त्यानं वाळवंट बघितलं, पहाटेचे डोंगर बघितले, मला रोज उठवून दाखवले. ते तू दिलंस. फार उपकार झाले रे.

आता नाही म्हणालास तरी चालेल.

ली

३ मार्च

एल्डन,

तुला न विचारता एक केलंय. विचारलं असतं तर नको म्हणाला असतास.

शनिवारी सकाळी नऊला हॅगनच्या दुकानात फोन लावला. त्या वेळी सगळे कॉफीला असतात ना अजून? हॅगनला म्हटलं, फोन टेबलावर ठेव आणि आवाज मोठा कर. "कोण बोलतंय?" "लिओटा. एल्डनची बहीण." मागून बहिरा ऑर्विल ओरडला, "ती तर मेली ना?" हॅगन म्हणाला, "अरे बाबा, तिचा नवरा." बरं झालं, नाहीतर माझी छाती फुटली असती. हसू आलं तेवढ्यात बोलून टाकलं. आईच्या तळघरात एल्डनचा एकही सांधा सुटला नव्हता. स्क्रू मी फिरवला. अडीच फेरे. ठिपका मी तोडला. त्यानं ते बघितलं आणि सात वर्षं माझं नाव घेतलं नाही. हे मी तुमच्यासमोर खोटं बोलले होते, म्हणून तुमच्यासमोरच सांगतेय.

चमच्यांचा आवाज येत होता. मग ऑर्विल म्हणाला, "मग मी सात वर्षं त्या दुसऱ्या गाढवाला का बोलावतोय? माझा संडास अजून गळतोय!"

रोझेला शेजारी बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं आपली पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही माझ्या ताटात वाढली, दोनदा.

ली

९ मे

प्रिय एल्डन,

तुझं कार्ड आलं. पाठ झालंय: "दक्षिणेच्या भिंतीला नळ आहे. ५५ पौंड. काल मोजलं. रेग्युलेटर लागणार नाही. तरी लाव. मार्लिस विचारते, हॉटडिश अजून खातेस का."

रोझेलाला दाखवलं. तिनं मागून पुढून बघितलं. "बस? एवढंच? माझ्या बसचं वेळापत्रक ह्यापेक्षा प्रेमळ होतं."

मी म्हटलं, "आमच्याकडे हे फार झालं."

खाते म्हणावं, तिची ती ओव्हनमधली बटाट्याची हॉटडिश खाते.

आज सकाळी निघाले. रोझेलानं मिठी मारली ती माझ्या बरगड्या मोजूनच सोडली. माझे डोळे भरून आलेले, म्हणून तिनं गाडीची किल्ली स्वतः आणून माझ्या हातात दिली. प्रेमानं! किल्ली नळावर होती हे कळलं ना तुला? अडतीस मैलांवर पेट्रोल भरताना रेग्युलेटर आठवला. तशीच मागे फिरले. रोझेला फाटकाशी उभी, हातात तुझा रेग्युलेटर. "भिंतीवर टांगणार होते," म्हणाली, "पण ह्याला लाल ठिपका आहे. हा तुझाच असणार."

तर एक दिवस उशीर होईल.

तुझी ली

१९ मे
तुझ्या अंगणातून

एल्डन,

तू आत्ता वर झोपला आहेस आणि मी तीस पावलांवर बसून तुला पत्र लिहितेय. मार्लिस खिडकीतून बघून हसतेय. पण काय करू, तोंडानं बोलायला गेले की तू उठून गवत कापायला जातोस. तीन दिवसांत अंगण दोनदा कापलंस. आता कापायला काही उरलेलं नाही, म्हणून हे जाळीच्या दारात अडकवते आहे.

परवा मी आले तेव्हा तू मिठी मारली नाहीस. सरळ नळापाशी गेलास. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत खाली बसलास, मला वाटलं आता उठणार कसा हा. मी पाइप जोडला. तू काटा बघितलास. मग चष्मा कपाळावर ढकलून ठिपका बघितलास, अंगठ्यानं चाचपलास.

"हात लावला नाहीस," म्हणालास.

"नाही."

"सहा वर्षांत?"

"पेटी उघडली जानेवारीत. पण त्यानंतरही नाही."

"शॉवर कसा येतो?"

"मांजर मुतल्यासारखा."

तू हसलास, एल्डन. मी ते हसू आपण लहान असताना ऐकलं होतं, खांदे हलणारं, आवाज नसलेलं. मग खिशातून चाकू काढलास आणि तो ठिपका खरवडून टाकलास. दुसऱ्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरलास.

"घे. अर्धा फेरा. पन्नासच्या पुढे नाही."

"तूच फिरव ना."

"शॉवर तुझा आहे."

मी अर्धाच फेरा दिला. काटा पन्नासवर गेला आणि थांबला. तू "हं" म्हणालास. मग मार्लिसला हाक मारलीस, ती नेलपॉलिशची बाटली घेऊन आली, आणि ब्रश तू माझ्या हातात दिलास. माझा ठिपका जरा वाकडा आलाय. तुझ्यासारखा गोल नाही जमला.

काल सकाळी ऑर्विलचा फोन आला होता म्हणे, संडासासाठी. तुझे गुडघे वाकत नाहीत, पण माझे वाकतात. दहा वाजता जायचंय ना उद्या? पाना तू धर, खाली मी जाते, आणि कुठे किती फिरवायचं ते तू सांग.

ली